रुक्मिणीबाईंचं ‘जा’



नोकरीतली प्रगती, घरसंसार आणि स्वतःचं समाधान यांचा मेळ कसा घालावा, असा विषय मला दिला आहे. देणाऱ्यांना वाटलं असेल, बाई निवृत्त शिक्षिका आहेत, छान वेळापत्रक सांगतील. कणीक रात्रीच मळून ठेवा, रविवारी आठवड्याची भाजी निवडा, वगैरे. ते मी सांगणार नाही. घराघरातल्या बायकांना ते माझ्याहून चांगलं येतं, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते एव्हाना रेडिओ बारीक करून अंगणात गेले असतील.

मी नेवाशाची. नेवाशात कुठलाही विषय काढा, बोलणं शेवटी पैस खांबापाशी येतं. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेच्या काठी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. सुमारे ९,००० ओव्या. हे सगळ्यांना पाठ असतं. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे, तिकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष जातं. करवीरेश्वराच्या देवळातल्या दिव्याला तेल मिळावं म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. ज्या खांबाला आपण डोकं टेकतो, त्याच्यावर तेलाचा हिशेब आहे. मला ही गोष्ट आवडते. मोठं काम कुठलंही असो, त्याला तेल कोण पुरवतं, हा प्रश्न सुटत नाही.

महाराजांच्याच घरात हा प्रश्न किती विकोपाला गेला होता पाहा. वडील विठ्ठलपंत मूळचे आपेगावचे, पैठणजवळचे. तीर्थयात्रा करत आळंदीला आले, तिथल्या सिधोपंत कुलकर्ण्यांनी आपली मुलगी रुक्मिणी त्यांना दिली. संसार सुरू झाला, पण मन संसारात नव्हतं. त्यांना संन्यास हवा होता. त्या काळी विद्वान, विरक्त माणसाच्या दृष्टीने याच्यावरची पायरी नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या क्षेत्रातली ती सर्वांत मोठी बढती. पण त्यात एक अट होती. बायकोची संमती लागे.

कीर्तनकार हा प्रसंग फार रंगवून सांगतात. विठ्ठलपंत पुन्हा पुन्हा विचारत आणि रुक्मिणीबाई नाही म्हणत. मग एकदा त्या बेसावध असताना त्यांनी म्हटलं, ‘गंगेवर जातो.’ त्या म्हणाल्या, ‘जा.’ तेवढं ‘जा’ घेऊन पंत थेट काशीला गेले. तिथे गुरूंना सांगितलं, मागे कोणी नाही. आणि भगवी वस्त्रं घेतली.

पुढची कथा तुम्हाला माहीत आहे. रुक्मिणीबाई आळंदीत बारा वर्षं पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. रामेश्वराला निघालेले गुरू आळंदीत थांबले. कुणी त्यांना रामानंद म्हणतं, कुणी श्रीपाद. नमस्काराला वाकलेल्या बाईला त्यांनी ‘पुत्रवती भव’ म्हटलं आणि बाई हसल्या. चौकशी झाली, सगळं उघडकीला आलं, आणि गुरूंनी शिष्याला घरी परत पाठवलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार मुलं झाली. पण संन्याशाची पोरं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. शेवटी आईबापांना देहान्ताचं प्रायश्चित्त सांगितलं गेलं, आणि त्यांनी ते घेतलं. पोरकी मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली, आणि परतीच्या वाटेवर नेवाशाला आली.

यावर आपण हळहळतो ते त्या काळच्या ब्रह्मवृंदाच्या निष्ठुरपणावर. हळहळावंच. पण शिक्षिकेची जित्याची खोड, मी आधीच्या पानावर थांबते. विठ्ठलपंतांना संन्यास हवा होता, यात मला काही वावगं दिसत नाही. माणसाला काहीही हवंसं वाटू शकतं. मला खटकतं ते त्या ‘जा’चं त्यांनी काय केलं ते. आणि पटापट शंभर घरं माझ्या डोळ्यांसमोर येतात. तव्यावर भाकरी आहे, कडेवर पोर आहे, कुकरची तिसरी शिट्टी होते आहे, आणि दारातून आवाज येतो, ‘चाकणला चांगली ऑफर आहे गं, घेऊ ना?’ ती म्हणते, ‘घ्या.’ झाली संमती.

आमच्या घरीही झाली तशीच. मिस्टरांची बदली जामखेडला झाली, तेव्हा जेवताना ते म्हणाले, ‘सोमवारपासून जामखेड.’ मी म्हटलं, ‘बरं.’ आणि आमटी वाढली. त्यानंतर काही वर्षांनी माझी पाळी आली. मुख्याध्यापक पदावर पदोन्नती. यादीत नाव होतं, जागा निवडण्याच्या समुपदेशनाला नगरला बोलावलं होतं. रिकाम्या जागा उरल्या होत्या त्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या. आपला जिल्हा चौदा तालुक्यांचा. नेवाशाहून श्रीरामपूर, संगमनेर करत अकोल्यात पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. मुलगा दहावीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मी नकार लिहून दिला. घरात मला कोणी अडवलं नाही हो. खरंच नाही. पण कोणी विचारलंही नाही. बाई नकार देणार, हे सासूबाईंना, मिस्टरांना आणि शाळेतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाच्या मनात आलं नाही.

शिक्षक श्रोत्यांना हे नवीन नाही. पदोन्नतीला नकार देणाऱ्यांत पुरुषही असतात, पण त्यांच्या नकारामागे बहुधा ऊस, डेअरी किंवा चालू असलेलं बांधकाम असतं. बायकांच्या नकारामागे माणसं असतात. आणि या नकाराचा हिशेब कुठे लागत नाही. पेन्शन ठरते तेव्हा मात्र लागतो.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होऊ लागल्या, त्यात पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना जवळ आणण्याची सोय. ‘संवर्ग दोन’ म्हटलं की शिक्षकांच्या घरात चहा थंड होतो, इतका हा जिव्हाळ्याचा विषय. २०१८ मध्ये बालसंगोपन रजा आली, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवसांची. चांगली रजा आहे. ती महिला कर्मचाऱ्यांना मिळते. पुरुषाला कधी मिळते? पत्नी हयात नसेल तर, किंवा ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे बाई धडधाकट आहे तोवर बापाला मुलाच्या तापाशी काही देणंघेणं नाही, असं जणू कागदानेच ठरवून टाकलं. हा निर्णय लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण आपल्या डोक्यातलं घर कसं असतं, ते त्यातून स्वच्छ दिसतं.

हे झालं आमच्यासारख्या पगारी लोकांचं. आता दिवाळीनंतर भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना आणि सोनईचा मुळा कारखाना सुरू झाले की रस्त्याने जाताना जरा फडाकडे बघा. पाथर्डीहून, बीडकडून ऊसतोडीला जोड्या आलेल्या असतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ धरतो. उचलही जोडीवर मिळते, आणि फिटेपर्यंत जोडीनेच राबायचं. पहाटे अंधारात तोड, मग मोळ्या, मग गाडी भरणं. खोपीवर परतलं की त्याचा दिवस संपतो. तिचा चुलीपुढे पुन्हा सुरू होतो. लेकरं एकतर गावी म्हाताऱ्यांजवळ, नाहीतर इथे फडात, पाचटावर झोपलेली. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, त्यांच्यामुळे काही मुलं शाळेत टिकलीही. माझ्या वर्गातही अशी मुलं येत. जानेवारीत येत, एप्रिलच्या आत जात. घर आणि काम यांचा मेळ इथे एवढा झालाय की दोन्हींत फटच उरली नाही, आणि त्या बाईला ‘तुला काय हवंय’ असं विचारायला तिथे कुणाला उसंत नाही. आपण समतोल वगैरे शब्द वापरतो, तेव्हा हा फड हाकेच्या अंतरावर असतो.

आता समाधान. विषयातला हा तिसरा भाग लोक घाईने उरकतात. छंद जोपासा, योगा करा, भजनी मंडळात जा. मी स्वतः भजनी मंडळात जाते, तेव्हा त्याला नावं ठेवत नाही. पण नेवाशातच घडलेली एक गोष्ट सांगते. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. केवढं काम झालं होतं! परंपरा सांगते की त्यावर निवृत्तिनाथ धाकट्या भावाला म्हणाले, ही तर गीतेवरची टीका झाली, दुसऱ्याच्या ग्रंथाचा आधार घेऊन केलेली. आता तुझं स्वतःचं सांग. त्यातून अनुभवामृत झालं, ज्याला आपण अमृतानुभव म्हणतो. घरातल्या थोरल्याने धाकट्याला म्हणावं, दिलेलं काम उत्तम केलंस, आता तुझं काय ते कर. अशी थोरली माणसं किती घरांत असतात? आपल्याकडे काम उत्तम झालं की दुसरं काम मिळतं.

आणि स्वतःचं सांगायला बसल्यावर महाराजांनी सुरुवात कशाने केली? एका जोडप्याने. शिव आणि शक्ती. दोघांत मोठं कोण हे सांगता येत नाही, एकावाचून दुसऱ्याला असणंच नाही, असं ते पहिलं प्रकरण. त्यात एक जागा अशी आहे की घरात दोघंच राहतात, धनी निजला की धनीण जागी राहते आणि दोघांचं जोडपेपण एकटी चालवते. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तिचा फार खोल अर्थ लावतात, तो बरोबरच असेल. पण मुलांचे प्रकल्प रात्री बाराला चिकटवत बसलेल्या माझ्या सहकारी बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना टीकेची गरज पडली नाही. विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंचा मुलगा स्वतःच्या ग्रंथाचा आरंभ नवरा-बायकोच्या बरोबरीने करतो, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. गीतेतही अर्जुन पाचव्या अध्यायाच्या आरंभी थेट विचारतो, कर्म सोडणं बरं की करणं? कृष्ण म्हणतो, दोन्हींनी कल्याण होतं, पण करणं अधिक बरं. संन्यास अर्धा टाकून आलेल्या बापाचा मुलगा आमच्या नेवाशात बसून हे मराठीत समजावत होता. त्याच्या मनात काय आलं असेल!

बाईचं समाधान हवंच असेल तर गोदावरी ओलांडून शिऊरच्या बहिणाबाईंकडे बघावं लागतं. सतराव्या शतकातल्या. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने मारलं. तो रागाने सगळं सोडून निघायलाच बसला होता. या बाईने नवराही सोडला नाही आणि तुकोबाही सोडले नाहीत, आणि हे सगळं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं. नवरा पुढे वळला. प्रत्येकीचा वळतोच असं नाही, म्हणून बहिणाबाईंचा दाखला देऊन कुणी लेकीला सोसायला सांगू नये, एवढंच मी म्हणेन.

मग करायचं काय? माझ्याजवळ मोठा उपाय नाही. बसून विचारायचं. जेवता जेवता नाही, दारातून नाही, गाडीला किक मारता मारता नाही. नीट समोर बसून. आणि विचारणाऱ्याने ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून. तेवढी तयारी नसेल, तर ते विचारणं म्हणजे रुक्मिणीबाईंकडून काढून घेतलेलं ‘जा’.

आमच्या तालुक्यातलं एक तरुण शिक्षक जोडपं आहे. नावं सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. दोघंही एकाच वर्षी पदोन्नतीच्या यादीत आले. दोघांनी म्हणे दोन रात्री वही घेऊन हिशेब मांडला. घराचा हप्ता, मुलीची शाळा, आईचं औषध, कुणाला पद किती हवं आहे, हेसुद्धा. शेवटी नकार त्याने दिला. ती अकोल्याला गेली. समुपदेशनाच्या दालनात दोघं-तिघं हसले, त्याने हसू दिलं. सगळं गोड झालं असं समजू नका. त्याची आई महिनाभर सुनेशी फोनवर बोलली नाही. मुलीला ताप आला त्या रात्री दोघं फोनवर कडाकडा भांडले. त्याच्या पोळ्या अजून नकाशाच आहेत. परवा बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, ‘काय रे, जमतंय का?’ म्हणाला, ‘बाई, सध्या दोन वर्षांचं ठरवलंय. नाही जमलं तर पुन्हा वही काढू. पुढची पाळी कदाचित माझी.’ आणि मेथीची जुडी घासाघीस करून पाच रुपयांनी कमी करून घेतली.