लक्षात आपण घेतलं का?

(तामसी येथे मंडळाच्या वाचन-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या गणेशोत्सवात आम्ही काही जणांनी बाप्पापुढे एक संकल्प सोडला होता. पुढचे बाप्पा येईपर्यंत एक मोठी, जुनी मराठी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मुलं याला 'रीडिंग चॅलेंज' म्हणतात. आम्ही निवडली हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. संकल्प पार पडला. त्याचा हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवातीला धास्ती होती. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले. आपण इकडेच राहिलो. घरात मराठी बोलतो, पण मुलं शिकतात तेलुगूत नाहीतर इंग्रजीत. सव्वाशे वर्षांपूर्वीची मराठी त्यांना कशी झेपणार? खरं सांगायचं तर, पहिल्या रविवारी आम्हा मोठ्यांनाच पाच पानांत जांभया आल्या.

वाट दाखवली गावातल्या एका आजोबांनी. म्हणाले, "श्रावणात पोथी कशी लावता? एकानं वाचावं, एकानं अर्थ सांगावा, बाकीच्यांनी ऐकावं." नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी आपण सप्ताहात सात दिवसांत वाचतो, मग कादंबरीला काय भ्यायचं? दर रविवारी दिवेलागणीनंतर वाचन सुरू झालं. आपट्यांच्या पहिल्या वाचकांनीही ती अशीच थोडी थोडी वाचली होती. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातच ही कादंबरी क्रमशः छापली. कापूस वेचणीच्या दिवसांत दमलेली माणसं भिंतीला टेकून ऐकत. पेरणीच्या वेळी खाडे पडले. पण बाजारात भेटलं की बायका विचारायच्या, "यमूचं पुढं काय झालं?"

यमू ही या कादंबरीची नायिका. ती स्वतःच आपली हकिकत सांगते. लहानपणी लग्न होतं, नवरा प्रेमानं लिहायला-वाचायला शिकवतो, संसाराला बहर येतो आणि तो अकाली जातो. मग सासरची माणसं तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात. ही कादंबरी छापली जात होती त्याच काळात, १८९१ साली, मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा झाला. तेवढ्यावरूनही तेव्हा केवढा गदारोळ उठला होता!

केशवपनाचं प्रकरण वाचलं त्या दिवशी वाचणाऱ्या मुलीचा आवाज अडकला. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, ते दिवस गेले." तेव्हा मागच्या ओळीतून एक काकू बोलल्या, "आमचे केस नाही काढले कोणी, पण बांगड्या तं फोडल्याच ना. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आम्हाले कोण बोलावते?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. त्या काकू वर्षभर आमच्यासोबत बसल्या होत्या आणि हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. कादंबरीचं नाव हाच एक प्रश्न आहे. त्या रात्री तो आम्हाला उद्देशून होता.

मंडळी, हे बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्यानंतर महाराष्ट्र शासनानंही हा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा, असं परिपत्रक काढलं. आपण राज्याच्या सीमेपलीकडे असू, पण रीत तर तीच पाळतो ना?

म्हणून आमची मंडळाला एकच विनंती आहे. यंदाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं गावातल्या प्रत्येक बाईला जावं. यायचं की नाही ते तिनं ठरवावं, पण बोलावण्यात फरक नको. आणि उत्सवातली पहिली आरती त्या काकूंच्या हातून व्हावी. आम्ही त्यांना विचारलं आहे. त्या "बघू" म्हणाल्या आहेत.

पुढच्या वर्षीचं पुस्तक मुलं निवडतील आणि वाचतीलही तीच. आम्ही भिंतीला टेकून ऐकू.

गणपती बाप्पा मोरया!