तोंडातली टाळू



घरात बाळ आलं की आजी रोज त्याची टाळू भरते. पण मराठीत टाळू दोन आहेत. एक डोक्यावरची, दुसरी तोंडातली. या दुसरीकडे कुणी सहसा पाहत नाही. आज बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

हातात बॅटरी घेऊन आरशासमोर उभे राहा. जिभेचं टोक वरच्या दातांमागून हळूहळू मागे न्या. आधी कडक भाग लागेल, तिथे हाड आहे. मग एकदम मऊ लागेल. ही मऊ टाळू. हिच्यात हाड नाही, नुसते स्नायू आणि वरून ओलं अस्तर. तिच्या टोकाला लोंबते ती पडजीभ. दोन्ही बाजूंना दोन-दोन कमानी, त्यांच्या खाचेत टॉन्सिल, आणि पलीकडे दिसते ती घशाची मागची भिंत. आता 'आ' म्हणा. टाळू वर उचलली गेलेली दिसेल. ती मागच्या भिंतीला टेकली की नाकाची वाट बंद होते. गिळताना हीच टाळू घास नाकात चढू देत नाही.

बोलण्यातलं तिचं काम तर फारच सुंदर आहे. नाक चिमटीत धरून 'बाबा' म्हणा. काही फरक पडत नाही. तसंच 'मामा' म्हणून पाहा. तेही 'बाबा'सारखंच ऐकू येईल. कारण 'म' म्हणताना टाळू खाली असते आणि हवा नाकातून जाते. 'ब' म्हणताना ती वर जाऊन नाक बंद करते. साध्या एका वाक्यात ही उघडझाप किती वेळा होते, आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो!

काही बाळांची ही टाळू जन्मतः दुभंगलेली असते. ओठ फाटलेला असला तर तो लगेच दिसतो. पण फट फक्त मऊ टाळूत असेल तर बाळ वरून अगदी गोजिरवाणं दिसतं आणि दोष लक्षातच येत नाही. बाळ तासन् तास अंगावर पितं, दमतं, नाकातून दूध येतं, वजन वाढत नाही. आणि 'आईला दूधच नाही' असं ठरवून सगळे मोकळे होतात. म्हणून प्रसूतीनंतर घरी येण्याआधी डॉक्टरांना सांगा : बाळाची टाळू बॅटरीच्या उजेडात पार पडजिभेपर्यंत पाहा.

आणि गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून टाळू फाटली असं म्हणाल, तर कृपा करून त्या आईला दोष देऊ नका. ही टाळू पुढून मागे जुळत येते आणि गर्भाच्या साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेसकट जुळून होते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात विळी हातात धरली म्हणून जुळलेली टाळू उकलत नाही. त्या माउलीला आधीच रडू आवरत नसतं.

अशा बाळाला ओढून पिता येत नाही, कारण तोंडात पोकळी बंद होत नाही. आईचं दूध काढून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजा. शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, बोलणं रुळायच्या आत. फाटलेल्या टाळूत स्नायू चुकीच्या दिशेने, पुढच्या हाडाला चिकटलेले असतात. सर्जन ते सोडवून आडवे जुळवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत होतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला विचारा. पुढे वाचा-उपचार लागू शकतात. कानही तपासत राहा, कारण कानाची नळी उघडणारा स्नायू याच टाळूत असतो. तो नीट ओढला नाही तर पडद्यामागे पाणी साचतं आणि मुलाला कमी ऐकू येतं.

एक गोष्ट मोठ्या मुलांबाबत. काहींची पडजीभ टोकाला दुभागलेली असते. पुष्कळदा त्यात काही बिघडत नाही. पण कधी कधी वरचं अस्तर अखंड आणि आतले स्नायू मात्र दुभंगलेले, असंही असतं. अशा मुलाचं नाकामागचं ॲडिनॉइड काढलं तर बोलणं एकाएकी नाकातून येऊ लागतं, कारण तोकड्या टाळूला टेकायला तोच आधार होता. म्हणून ॲडिनॉइडच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की सर्जनना आधी मुलाची पडजीभ पाहायला सांगा, आणि तान्हेपणी नाकातून दूध यायचं का, तेही आठवून सांगा.