हस्तलाघव : पत्त्यांच्या एका हातचलाखीचा सराव

(गतवर्षीच्या गणेशोत्सवातील छोटेखानी भाषण)



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलत आली आहेत. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला मेकॅनिकलचा माणूस. इंजिनांबद्दल बोललो तर आपण झोपाल, आणि माझे सहकारी उठून जातील. म्हणून समितीने सुचविल्याप्रमाणे माझ्या छंदाविषयी, म्हणजे पत्त्यांच्या जादूविषयी, चार शब्द सांगतो.

गणपतीच्या मांडवात पत्त्यांचा विषय कसा, असे कोणाला वाटेल. पण बाप्पा चौदा विद्या, चौसष्ट कलांचा अधिपती. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘ऐंद्रजाल’ आहे आणि ‘हस्तलाघव’ही आहे. म्हणजे ही कला आपल्या परंपरेत मान्य आहे. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांनी ती घरोघरी नेली. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या जादूचे प्रयोग झाले, आणि ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध आहे. माझ्या वडिलांच्या तोंडी त्यांचेच नाव असे. माझ्या छंदाचे मूळ तिथे आहे.

आज मी एकाच क्रियेविषयी बोलणार आहे. जादूगार तिला ‘पास’ म्हणतात. तिची कृती शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत छापलेली आहे, त्यामुळे गुपित फोडल्याचा दोष मला लागू नये.

समजा, आपण एक पान निवडून ते कॅटच्या मध्यभागी परत ठेवलेत. मी डाव्या करंगळीचे टोक त्या पानाच्या वर हळूच अडकवून ठेवतो. कॅटचे आता दोन भाग झालेले असतात, पण पाहणाऱ्याला तो अखंड दिसतो. उजवा हात वरून झाकण घातल्यासारखा येतो. खालचा भाग उजव्या हाताने दोन्ही टोकांना धरायचा आणि वरचा भाग डाव्या बोटांच्या चिमटीत ठेवायचा. डावी बोटे लांब होतात, वरचा भाग बाहेर सरकतो, खालचा भाग बिजागरीसारखा वर येतो आणि दोन्ही भाग जागा बदलून पुन्हा एक होतात. मध्ये ठेवलेले आपले पान आता सर्वांत वर असते.

सांगायला अर्धे मिनिट लागले, करायला अर्धा सेकंद लागतो. पण शिकायला माझी तीन वर्षे गेली, रोज अर्धा तास याप्रमाणे.

लोकांना वाटते की यात वेगाचा अभ्यास असतो. तसे नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये आम्हाला महिनोन् महिने कानस चालवायला लावत. घाई केली की पृष्ठभाग गोल होई, आणि गुण्या लावला की उजेड दिसे. पासचेही तसेच आहे. प्रथम तो इतका सावकाश करायचा की प्रत्येक बोटाचे काम वेगळे कळावे. पाने घासल्याचा आवाज आला, मनगट हलले किंवा खांदा ताठ झाला, तर तिथेच थांबायचे. वेग मागाहून आपोआप येतो. अर्जेंटिनाचे रेने लावान (१९२८-२०१५) यांचा उजवा हात वयाच्या नवव्या वर्षी अपघातात गेला. एका डाव्या हाताने ते पत्त्यांचे प्रयोग करीत, आणि त्यांची ख्याती अतिशय संथपणे प्रयोग करण्याबद्दल होती.

सरावात दोन अडचणी फार मजेशीर आहेत. पहिली आरशाची. आरशासमोर सराव करणारे पुष्कळ जण नेमक्या क्षणी नकळत डोळे मिटतात! मग चोरी दिसतच नाही, आणि आपण तयार झालो असा समज होतो. हल्ली मोबाईलवर चित्रीकरण करता येते. त्याचा डोळा मिटत नाही.

दुसरी अडचण पाहणाऱ्याच्या जागेची. ती मला शिंदे घाटाने शिकवली. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला हा घाट आपणा सर्वांना परिचित आहे. पाणी उतरल्यावर सुट्टीच्या दिवशी मी तिथे पायऱ्यांवर सरावाला बसतो. घरात पाहणारा समोर असतो. घाटावर कोणी चार पायऱ्या वर, तर कोणी दोन पायऱ्या खाली. समोरून आणि वरून झाकलेला पास खालून, बाजूने उघडा पडतो. एकदा वरच्या पायरीवरची मोठी माणसे थक्क झाली, आणि खाली बसलेला नावाड्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, “चाचा, आधी गड्डी तो बाहर आयी थी.” त्या मुलाला मी माझा परीक्षक नेमले. तो गप्प राहीपर्यंत आणखी सहा महिने गेले.

त्याच घाटावर नजरेचाही धडा मिळतो. नवा माणूस आला की त्याचे डोळे प्रथम त्या कललेल्या, वर्षातील बराच काळ गाभाऱ्यात पाणी असणाऱ्या रत्नेश्वर मंदिराकडे जातात. तेवढ्या दोन सेकंदांत हत्ती इकडचा तिकडे केला तरी कळणार नाही. जादूगार पासच्या वेळी आपल्या हाताकडे पाहत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून तो काहीतरी विचारतो, आणि उत्तर देताना समोरचाही मान वर करतो. पास त्या क्षणी होतो.

आता या विषयाची दुसरी बाजू. १९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघाले. पत्त्यांची जादू शिकणारे आजही ते प्रमाण मानतात. त्याच्या पहिल्या भागात जुगारात फसवण्याच्या रीती आहेत आणि दुसऱ्यात करमणुकीच्या जादू. एकाच पुस्तकात दोन्ही! डाय व्हर्नन (१८९४-१९९२) या थोर जादूगाराने कॅटच्या मधून पान वाटणारा माणूस असल्याचे ऐकले, आणि शोध घेत १९३२ साली मिसुरी राज्यातील प्लेझंट हिल या लहान गावी अ‍ॅलन केनेडी याला गाठले. केनेडी जादूगार नव्हता. तो जुगारी होता, आणि ती एक क्रिया साधण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे सराव केला होता. म्हणजे मेहनत दोघांचीही सारखीच.

हे मला इथे का सांगावेसे वाटते? काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक तरुण मदतनीस गावी जाताना गाडीत तीन पानांच्या खेळात जवळजवळ सगळा पगार घालवून बसला. पैशांपेक्षा त्याला लाज जास्त वाटत होती. “माझी नजरच कच्ची,” असे तो सारखे म्हणे. मी त्याला पाने घेऊन बसवले. त्या खेळात एका हातात दोन पाने वर-खाली धरलेली असतात. खालचे आधी पडते असे आपण धरून चालतो, आणि तो वरचे टाकतो. झाले! नजर जितकी पक्की, तितकी ती इमानाने चुकीच्या पानामागे जाते. शिवाय भोवती जिंकणारे दोघे-तिघे त्याचेच साथीदार असतात. हे पाहिल्यावर त्या पोराचा चेहरा उजळला. पैसे परत आले नाहीत, पण आपण मूर्ख नाही हे त्याला कळले. तेव्हापासून नव्याने भरती झालेल्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवतो.

त्याच दिवशी मी स्वतःपुरता एक नियम केला : ज्या हातांना पास येतो, त्या हातांनी पैशाच्या डावात बसायचे नाही. दिवाळीत सहकारी रमीला बोलावतात, “अहो, एक-दोन रुपयांचा तर डाव!” म्हणतात, रागावतातही. पण मी जिंकलो तर मित्राच्या मनात एक क्षण तरी शंका येईल. ती शंका मला नको आहे. त्या संध्याकाळी बाजूला बसून नुसता चहा पिताना थोडे एकटे वाटते, हे खरे. छंदाची तेवढी किंमत मी मोजतो.

पालकांना एवढेच सांगेन, मुलांना ही कला जरूर शिकू द्या. चिकाटी येते, बोटे घडतात, चारचौघांत बोलण्याची भीड मोडते. फक्त पहिल्याच दिवशी सांगा की प्रयोगाआधी ‘ही हातचलाखी आहे’ असे म्हणणारा जादूगार, आणि न म्हणणारा ठग.

बोलणे पुरे झाले. आता खाली येऊन प्रयोग दाखवतो. बालगोपाळांनी समोर सतरंजीवर बसावे. माझ्या बाजूला मात्र कोणी बसू नये. कारण आपणांस आता माहीत आहे!

गणपती बाप्पा मोरया!