प्रवाहातील एकटा रेणू

खनिज तेलाच्या वाहिनीत लांब साखळीचे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, दशलक्ष भागांत अवघे काही भाग मिसळले तरी प्रक्षुब्ध प्रवाहाचे घर्षण लक्षणीय घटते. टॉम्स यांनी १९४०च्या दशकात नोंदविलेल्या या परिणामाचा अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून व्यापारी उपयोग सुरू झाला. त्याच पंपांनी अधिक तेल वाहू लागले.

प्रवाहाचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गुंडाळलेला रेणू एकाएकी उलगडतो, असे द जेन यांनी १९७४ मध्ये मांडले होते. परंतु प्रयोगांतून हाती येई ती असंख्य रेणूंची सरासरी. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पर्किन्स, स्मिथ व चू यांनी लॅम्डा विषाणूच्या डीएनएला चकाकणारा रंग देऊन एकेक रेणू सूक्ष्मदर्शकाखाली ताणताना पाहिला. प्रत्येकात ४८,५०२ आधारक-जोड्या, प्रवाहही एकच. तरीही काहींना डंबेलचा आकार आला, काही दुमडले, काही बराच काळ गुंडाळलेलेच राहिले. आरंभीच्या वेटोळ्याचा योगायोगाने लाभलेला आकार येथे निर्णायक ठरत होता. द जेन यांनी यास 'रेणूंचा व्यक्तिवाद' म्हटले. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात एखादे कुटुंब शोधूनही सापडत नाही, तसेच हे!

व्यवहारात याचे मोल मोठे आहे. घर्षण घटविण्यासाठी रेणू ताणला जावा लागतो. पण अतिताणाने तो तुटतो. पंपातून जाताना साखळ्यांचे तुकडे होतात आणि पुढील टप्प्यावर बहुवारिक पुन्हा विकत घेऊन ओतावे लागते.