अहिंसकाचा अंगुलिमाल कोणी केला ?



धर्माचे संस्कार झाले की मूल वाईट मार्गाला लागत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. चारकोपमध्ये ही काळजी घरोघरी आहे. म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे लहान लहान भूखंड पाडून सेक्टर वसविले. आईवडील दोघेही कामावर आणि मुले गल्लीत, असे चित्र बहुतेक घरांत दिसते. तेव्हा ‘पोराला विहारात पाठवा, सुधारेल’ असे आपण सांगतो. सल्ला वाईट नाही, पण तो पुरेसा आहे काय ?

काहीजण तुरुंगातील धर्मवार, जातवार आकडे पुढे करून संस्कारांची परीक्षा घेतात. ते आम्हांस मान्य नाही. 2022 अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण 16.6 टक्के, तर तुरुंगात ते एक पंचमांशाहून अधिक. जामिनाला पैसा नाही, वकील नाही, हे त्यामागचे मोठे कारण. यावरून कोणाच्या आईने काय शिकविले, हे कसे ठरणार ?

आता अंगुलिमालाकडे वळू. त्याची अर्धीच कथा आपण मुलांना सांगतो : क्रूर डाकू होता, तथागत भेटले, भिक्खू झाला. अट्ठकथेतील आधीचा भाग राहून जातो. तो कोसलाच्या राजपुरोहिताचा मुलगा, नाव अहिंसक. तक्षशिलेत शिकणारा, हुशार आणि अत्यंत आज्ञाधारक. सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा मागितली ती हजार माणसांच्या बोटांची. शिष्याने ती द्यायला सुरुवात केली ! घर चांगले, शिक्षण चांगले, गुरुभक्ती तर आदर्श. गुरूला ‘का ?’ असे विचारण्याचा संस्कार मात्र कोणी केलेला नव्हता.

हे इतरांच्या धर्माबद्दल चालले आहे, असे कोणी समजू नये. 1959 साली श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस चीवरधारी भिक्खू होता. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या पंथाच्या तोंडीही बौद्ध शब्द होते आणि त्यांत उच्चशिक्षित तरुण होते. गुरूने सांगितले, त्यांनी केले.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा थेट आचरणाच्या प्रतिज्ञा आहेत. आपण सकाळी पंचशील म्हणतो आणि जयंतीच्या रात्री मिरवणुकीच्या मागे बाटली फुटते, ती मुले पाहतात. (येथे काही मंडळी खाली बघतील, बघू द्या.) बापाच्या हातातला पेला हाही संस्कारच आहे.

बालपण हुकले म्हणजे सारे संपले, असेही नाही. 1994 साली तिहार तुरुंगात गोयंका गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली हजारांहून अधिक कैदी एकाच विपश्यना शिबिरात बसले. त्यांत नाना धर्मांचे लोक होते आणि कोणाला धर्म बदलायला सांगितले नव्हते. स्वतःच्या मनात राग कसा उठतो, हे त्यांनी दहा दिवस मौनात पाहिले. खाडीपलीकडे गोराईला 2009 साली उद्घाटन झालेला पॅगोडा याच साधनेसाठी उभा आहे. आपण तेथे सहलीला जातो, फोटो काढतो नि शेवटच्या बोटीने परततो.

म्हणून आमची एक सूचना आहे. रविवारच्या धम्मवर्गात अंगुलिमालाची कथा पूर्ण सांगावी, गुरूसकट. नंतर मुलांना विचारावे, की अहिंसकाने गुरूला काय उत्तर द्यायला हवे होते ? मुले बोलतील, वादही घालतील. शिक्षकांनी त्या दिवशी हाताची घडी घालायला सांगू नये.

जयभीम ! नमो बुद्धाय !