हॉकीची पोर, धावून ऑलिम्पिकला

हिवरखेडहून आम्ही बोलतो आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज मेरी डिसूझाची गोष्ट सांगतो. जन्म १९३१ चा, मुंबईत वांद्र्याचा. पोर पळायची जोरात आणि हॉकीही तितकीच जोरात खेळायची. आता गंमत ऐका. आपल्या देशाचे पुरुष १९२८ पासून ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक आणत होते, पण बायांची हॉकी तिथं नव्हतीच! ती आली थेट १९८० साली, मॉस्कोला. म्हणजे मेरीच्या हातात काठी असून उपयोग नव्हता. ऑलिम्पिकला जायचं तर पायांच्या जोरावरच जावं लागणार होतं.

१९५१ ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. मेरीनं २०० मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्यपदक घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी तिची निवड झाली. निवड झाली, पण जायला पैसा कुठं होता? तेव्हा वांद्र्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाचाचे न् पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून पैसे गोळा केले. पत्ते म्हटलं की आपल्याकडे घरात भांडण ठरलेलं. तिथं त्याच पत्त्यांनी पोरीचं तिकीट काढलं.

त्याच हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. खाशाबांचं नाव पोराटोरांना पाठ आहे, अन् ते असायलाच पाहिजे. मेरीचं नाव आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं, हे मात्र आम्हाला लागलं.

भारताकडून त्या वर्षी चारच बाया गेल्या होत्या. नीलिमा घोष आणि मेरी धावायला, डॉली नाझीर आणि आरती साहा पोहायला. मेरी १०० आणि २०० मीटर धावली, पहिल्या फेरीतच बाहेर पडली. पण घरी बसली नाही. १९५३ ला भारताच्या महिला हॉकी संघातून इंग्लंडला खेळून आली. १९५४ ला मनिलाच्या आशियाई खेळांत रिलेचं सुवर्णपदक घेतलं. सरकारनं ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली. तेव्हा ती ऐंशी पार करून गेली होती.

हे सगळं आजच का काढलं? आपल्या गावातली एक पोरगी धावण्यात जिल्ह्याला निवडली गेली आहे. माय म्हणते, वेचणीचे दिवस आहेत, आणि बुटाला पैसेही नाहीत. वेचणीला तिच्या जागी एक दिवस आमच्यातली एक जाईल, ते ठरलं. बुटाचं शुक्रवारी गटाच्या बैठकीत ठरवू. पत्ते नकोत, पण येताना वीस-वीस रुपये आणा.