ब्रेक लागलाच पाहिजे!

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डिप्लोमावाला माणूस. हातात पाना चालतो, माईक नाही. पण सेक्रेटरीसाहेबांचा आग्रह मोडवेना, म्हणून माझ्या एका उद्योगाची आणि त्यात झालेल्या चुकीची हकिगत सांगतो.

इथे खरगपूरला आमचे एक निवृत्त बंगाली सहकारी आहेत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडे १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे. तिचे मूळ ब्रेक सळयांचे. एका सळईची लांबी जरा कमी-जास्त झाली की गाडी एका बाजूला ओढते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ मध्ये, आणि पुढच्या वर्षांतले तेच ब्रेक मॉडेल ए ला बसवायची पद्धत जुनीच आहे. दादांच्या गाडीची पुढची चाके झाली होती. मागचा अ‍ॅक्सल माझ्याकडे आला.

अ‍ॅक्सलच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला हब पुलर लावून काढला. ११ इंची ड्रम जाऊन १२ इंची आला. तारांच्या चाकाला नव्या ड्रमवर पुरता आधार मिळेना, म्हणून मागे कडी घातली. हँडब्रेकची केबल स्वतंत्र जोडली. पाइप टाकले, लांबच्या चाकापासून हवा काढली. पेडल दगडासारखे घट्ट! मी खूश.

रविवारी कॉलनीच्या मैदानावर ट्रायल घेतली. मागच्या सीटवर माझा मुलगा. दोनदा ब्रेक छान लागला. तिसऱ्यांदा पेडल थेट तळाला गेले. समोर कुंपणाची भिंत. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो.

घरी येऊन पाहिले. पाइपाचे तोंड दुहेरी दुमडायला हवे होते, ते मी घाईत एकेरीच दुमडले होते. तिथे तडा जाऊन सगळे तेल गळाले. मास्टर सिलिंडर एकच, त्यामुळे चारही चाकांचे ब्रेक गेले.

मित्रहो, मला लाज याची वाटली की माझा रोजचा धंदाच ब्रेकचा! आपल्या रेल्वेगाडीच्या ब्रेक पाइपात ५ किलोचा दाब असतो. पाइप तुटला, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतो. मोटारीचे उलटे आहे. तिथे गळती झाली की ब्रेकच नाही. हे रोज शिकवणारा मी, स्वतःच्या कामात विसरलो.

मुलाने एकच विचारले, "बाबा, तुम्ही आधी तपासलं का नाही?" उत्तर नव्हते.

मग सगळे पाइप पोलादी घेऊन तोंडे दुहेरी दुमडली. दादांशी बोलून पुढच्या-मागच्या चाकांना वेगळे तेल देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. पेडलवर लाकडी टेकू लावून रात्रभर दाब ठेवला आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला. सकाळी मुलानेच वाकून एकेक कागद पाहिला. सगळे कोरडे! ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायची तारीख दादांनी भिंतीवर लिहून ठेवली आहे.

बाप्पा विघ्नहर्ता खराच. पण जोड तपासायचे काम त्याने आपल्याकडेच ठेवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!